व्होल्ट, तापमान आणि घरातली प्रयोगशाळा : एक पार्श्वभूमी

लातूर, परभणी, नांदेडकडे घरातच छोटी इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळा थाटणारे हौशी लोक आहेत. टेबलावर दोन-तीन मल्टिमीटर, कारखान्यातून निघालेला एखादा जुना बेंच मीटर (टेबलावर ठेवायचा मोठा, जास्त बारीक मोजणारा मीटर), लॅपटॉप आणि रात्रभर चालणारे लॉगिंग, म्हणजे आकडे आपोआप टिपत राहणे. एकाच बॅटरीवर दोन मीटर दोन आकडे दाखवतात, तेव्हा खरे कोणाचे धरायचे? हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे जुना आहे, आणि फार वेळा त्याच्या मुळाशी तापमान निघते.

एकोणिसाव्या शतकात व्होल्टचे प्रमाण म्हणून क्लार्क सेल हा ठरावीक व्होल्ट देणारा रासायनिक सेल वापरत. एक अंश तापमान वाढले की त्याचा विद्युतदाब मिलिव्होल्टभर घसरे. १८९३ मध्ये एडवर्ड वेस्टन यांनी कॅडमियम आणि पाऱ्याचा सेल केला. २० अंशांना १.०१८६ व्होल्ट, आणि घसरण अंशामागे साधारण ४० मायक्रोव्होल्ट. १९११ मध्ये तो आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरला. पण हे सेलही स्थिर तापमानाच्या टाकीत जपून ठेवावे लागत. हलवले तर पूर्ववत व्हायला वेळ घेत. तापमानाची ही कटकट सुटली ती जोसेफसन परिणामामुळे, म्हणजे दोन अतिवाहकांच्या सांध्यावर व्होल्ट आणि वारंवारता यांचे जे पक्के नाते असते त्यामुळे. ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये तो सिद्धान्त मांडला आणि १ जानेवारी १९९० पासून जगभरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळा त्यावरूनच व्होल्ट काढू लागल्या. तिथे सेलच्या रसायनाचा संबंधच उरत नाही. मोजायची ती वारंवारता.

प्रत्येक मीटर आपल्याहून वरच्या प्रमाणाशी ताडायचा, अशी ही साखळी. भारतात तिचे टोक दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. या प्रयोगशाळेची पायाभरणी ४ जानेवारी १९४७ ची, उद्घाटन १९५० चे. तिच्याखाली एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळा येतात. मराठवाड्यात कॅलिब्रेशनची, म्हणजे मोजमापाचे साधन खात्रीच्या प्रमाणाशी ताडून पाहण्याची, सवय रुजवली ती मुख्यतः चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखानदारीने. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, भोवती सुटे भाग करणारे उद्योग वाढले, आणि गेज असो वा मीटर, त्यावर पुढच्या तपासणीच्या तारखेचे स्टिकर दिसू लागले.

घरापर्यंत मात्र वेगळीच वाट आली. रिपेअरिंगच्या दुकानात काट्याचे मीटर होते. १९७० च्या दशकात इंटरसिलने ७१०६ ही चिप काढली: नऊ व्होल्टची बॅटरी, एलसीडी आणि पडद्यावर शून्यापासून १९९९ पर्यंत आकडा. आज बाजारात मिळणारा स्वस्त पिवळा मीटर याच घराण्यातला. मागचे स्क्रू काढले की आत बारीकसा प्रीसेट, म्हणजे स्क्रूने फिरवायचा रेझिस्टर, दिसतो. तो चिपला सुमारे १०० मिलिव्होल्टचा संदर्भ देतो आणि मीटरचा प्रत्येक आकडा त्याच्याशी तोलला जातो. हा प्रीसेट फिरवणे म्हणजे कॅलिब्रेशन नव्हे, हे मी आग्रहाने सांगतो. आधी खात्रीच्या संदर्भाशी तुलना करायची, फरक वहीत लिहायचा. स्क्रू फिरवला की आधीच्या नोंदींशी असलेले नाते तुटते.

घरातला तो खात्रीचा संदर्भ म्हणजे बहुधा ठरावीक व्होल्ट देणाऱ्या एडी५८४ चिपचे छोटे बोर्ड. त्याच्या साध्या प्रतीत अंशामागे ३० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत तीस भाग) फरक पडू शकतो. मे महिन्यात पत्र्याची खोली पहाटे २७ अंशांवर आणि दुपारी ४२ वर असेल, तर १० व्होल्टमागे साडेचार मिलिव्होल्टपर्यंत सरक झाली. पिवळ्या मीटरच्या २० व्होल्टच्या रेंजला शेवटचा अंकच १० मिलिव्होल्टचा, त्यामुळे त्याला ती सहसा कळणारही नाही. साडेसहा अंकी बेंच मीटरवर मात्र आलेख दुपारकडे सरकताना स्वच्छ दिसतो. पण सरकला कोण, संदर्भ की मीटर? दोघेही एकाच खोलीत तापत असतात. एलएम३९९ या दुसऱ्या संदर्भ चिपचे मोल इथे कळते: ती चिप आपल्या पोटातल्या हीटरने स्वतःला सुमारे ९० अंशांवर धरून ठेवते, आपला उन्हाळा तिथवर पोचतच नाही.

मीटरचे वाचन यंत्राने टिपण्याची सोय आधी मोठ्या प्रयोगशाळांतच होती. १९६० च्या दशकात एचपीने घडवायला घेतलेली जोडणी १९७५ मध्ये आयईईई ४८८ हे मानक झाली. जाडजूड केबलने मीटर संगणकाला जोडता येऊ लागला. पुढे सिरीयल पोर्ट आले, यूएसबी आले, २००५ मध्ये आर्डुइनो आले आणि काही शे रुपयांत लॉगर उभा राहू लागला. माझ्या मते त्यातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे संदर्भाला चिकटवलेला डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर. व्होल्टच्या शेजारी तापमानाचा रकाना नसेल तर त्या लॉगवरून मराठवाड्यात काहीच ठरवता येत नाही. लाइट कधी गेली, कधी आली हेही टिपावे. बेंच मीटरला पुन्हा स्थिर व्हायला तासभर लागतो.

मीटरची अचूकता बहुधा २३ अंशांच्या आसपासची दिलेली असते. नेहमीच्या बेंच मीटरला १८ ते २८ ची मुभा असते. त्याबाहेर गेले की उत्पादकाने दिलेली तापमानाची जादा चूक अंशागणिक मूळ चुकीच्या मर्यादेत मिळवावी लागते. म्हणून घरातल्या मीटरांची आपसांतली तुलना डिसेंबर-जानेवारीत करावी, आणि मे महिन्यातले आकडे ही जादा चूक धरूनच वापरावेत.