पॅनेल स्पीकर : खोलीतील मांडणी व श्रोत्याची बैठक

पातळ पटलाच्या कंपनाने ध्वनी निर्माण करणारे, पेटी नसलेले ध्वनिक्षेपक खोलीत कोठे उभे करावेत आणि श्रोत्याने कोठे बसावे, हे प्रयोगाने ठरविण्याची पद्धती. पेटीबंद स्पीकरमध्ये पटलामागचा ध्वनी कोंडलेला असतो. पॅनेलमध्ये तो पुढच्याइतक्याच जोराने, पण उलट कलेत (पुढचा दाब वाढत असता मागचा घटतो अशा रीतीने), पाठीमागच्या भिंतीकडे जातो. मांडणीतील बहुतेक अडचणींचे मूळ या पाठलहरीत आहे.

स्थिरविद्युत (विद्युतभाराच्या बलाने पटल हलविणाऱ्या) पॅनेलचे जनकत्व कोणाला द्यावे याबाबत एकमत नाही. एडवर्ड केलॉग यांना १९३४ मध्ये मिळालेले अमेरिकी पेटंट सामान्यतः आधाराला घेतले जाते. कंडेन्सरमधून (विद्युतभार साठविणाऱ्या समोरासमोरच्या पट्टिकांतून) ध्वनी काढण्याचे प्रयत्न मात्र त्याहून बरेच जुने आहेत. घरगुती वापराचा पूर्णपल्ल्याचा (खर्जापासून तारस्वरापर्यंत वाजणारा) पॅनेल म्हणून इंग्लंडमधील हंटिंग्डन येथे पीटर वॉकर यांनी १९५७ मध्ये बाजारात आणलेल्या क्वाड स्पीकरकडे बोट दाखविणे अधिक सयुक्तिक ठरते. चुंबकी पटलाचा (चुंबकांजवळ वीजवाहक तारा चिकटवलेले पटल हलविणारा) प्रकार अमेरिकेत जिम वायनी यांनी रूढ केला. त्यांची मॅग्नेपॅन कंपनी १९६९ मधील.

भिंतीपासून पॅनेलचे अंतर ‘अ’ मानल्यास पाठलहर श्रोत्यापर्यंत साधारण ‘२अ’ इतका जादा प्रवास करून पोहोचते. ती मुळातच उलट कलेत असल्याने पेटीबंद स्पीकरचे गणित येथे पालटते. अंतर १ मीटर असता ८६ हर्ट्‌झच्या आसपास पेटीबंद स्पीकरचा स्वर दबतो, तर पॅनेलचा उचलला जातो. पॅनेलचा खड्डा १७२ हर्ट्‌झला पडतो. भिंत आदर्श परावर्तक मानून आणि अंतरामुळे होणारी घट सोडून दिल्यास, सुमारे २९ हर्ट्‌झखाली पाठलहर खर्जाला मारक ठरते. अंतर अर्ध्या मीटरवर आणले की हीच सीमा ५७ हर्ट्‌झपर्यंत वर सरकते. भिंतीजवळ नेल्याने खर्ज वाढतो हा पेटीबंद स्पीकरचा अनुभव म्हणूनच पॅनेलला लावू नये.

पॅनेल भिंतीपासून ‘किमान १ मीटर’ दूर ठेवावे या प्रचलित नियमाला दुसरा आधार श्रवणशास्त्राचा आहे. १ मीटर अंतरावर परावर्तन सुमारे ५.८ मिलिसेकंद उशिरा येते, आणि कान दिशा ठरवताना आधी आलेल्या लहरीला प्राधान्य देतो. या परिणामाला हेल्मुट हास यांचे नाव चिकटले आहे (ग्योटिंगेन येथील प्रबंध, १९४९). परंतु लोथार क्रेमर यांनी पहिल्या लहरअग्राचा नियम १९४८ मध्येच मांडला होता, आणि वॉलाक, न्यूमन व रोझेन्झ्वाइग यांचा अमेरिकेतील निबंधही १९४९ चाच. श्रेय विभागून देणे न्याय्य वाटते.

अमेरिकी ध्वनिकेबल-निर्माते जॉर्ज कार्डास यांच्या मांडणीच्या पद्धतीत बाजूच्या भिंतीपासूनचे अंतर खोलीच्या रुंदीच्या ०.२७६ पट व पॅनेलमागच्या भिंतीपासूनचे ०.४४७ पट धरतात. ३.६ मीटर रुंद खोलीत ही अंतरे सुमारे १ मीटर व १.६ मीटर येतात. सुरुवातीचा बिंदू म्हणून ही पद्धत चांगली. अंतिम उत्तर म्हणून ती स्वीकारणे कठीण. लाकडी सांगाडा व जिप्समच्या भिंतींतून काही खर्ज शोषला वा निसटला जातो. आपल्याकडील विटा-काँक्रीटच्या भिंती तो जवळपास पूर्ण परतवतात.

खुर्ची सरकवणे हा प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग असून तो बहुधा उपेक्षित राहतो. ५ मीटर लांब खोलीत पहिली स्थिर तरंग (समोरासमोरच्या भिंतींमध्ये परावर्तित होऊन जागच्या जागी राहणारी लहर) ३४ हर्ट्‌झला उभी राहते. तिचा दाब खोलीच्या मध्यावर शून्यवत, तर भिंतीलगत सर्वाधिक असतो. खुर्ची नेमकी मध्यावर वा श्रोत्यामागच्या भिंतीला टेकवून ठेवू नये ती यासाठी. जमिनीवर चिकटपट्टीने खुणा करून, एकाच कंठाचे मोनो (दोन्ही पॅनेलमधून एकच ध्वनी देणारे) ध्वनिमुद्रण लावावे आणि पॅनेल एका वेळी ४-५ सेंटिमीटरच हलवावे. गायिकेचा आवाज दोन्ही पॅनेलच्या बरोबर मध्ये, माणसाच्या मुखाएवढ्या जागेत एकवटला की दोन्ही पॅनेलची श्रोत्यापासूनची अंतरे जुळली असे समजावे. मग पॅनेल थोडे आत वळवावे. त्याच्या कडेच्या दिशेला ध्वनी जवळजवळ नसतो. ही शांत दिशा बाजूच्या भिंतीवरील पहिल्या परावर्तनबिंदूकडे आणता येते.

पॅनेलमागची भिंत शोषक करावी की विसरक (ध्वनी विखरून परतविणारी), यावर मतभेद आहेत. सर्व शोषून टाकल्यास पॅनेलची खुली, खोल ध्वनिरचनाच हरवते, हे मत अधिक ग्राह्य दिसते. उंच पॅनेलमध्ये पटलाच्या निकट क्षेत्रात अंतर दुप्पट झाल्यावर पातळी ६ ऐवजी सुमारे ३ डेसिबेलनेच घटते. त्यामुळे खुर्ची मागे घेतल्यास आवाज फारसा मंदावत नाही.