आईबाबा पुण्यात आणि दुसरा पासपोर्ट: क्लिअरन्समध्ये ही दोन वेगळी प्रकरणं आहेत

अमेरिकेत डिफेन्सच्या कंपनीत जॉब मिळाला आणि सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकारची गुप्त माहिती हाताळायची परवानगी, लागणार म्हटलं की आपल्या लोकांच्या पोटात गोळा येतो, आईबाबा तिकडे, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड) आहे, झालं आता, रिजेक्ट. अरे थांबा जरा. 2017 पासून हे निर्णय सीड 4 नावाच्या नियमावलीवर होतात, त्यात ए ते एम अशा 13 गाइडलाइन्स आहेत, आणि नातेवाईक येतात बी मध्ये तर दुसरं नागरिकत्व येतं सी मध्ये.

बी म्हणजे फॉरेन इन्फ्लुएन्स. इथे तुमच्या निष्ठेवर शंका नसते, तिकडच्या माणसाला धरून कोणी तुम्हाला कोंडीत पकडू शकेल का एवढंच बघतात. देश कुठला, तिथलं सरकार कसं, नातेवाईक काय करतात, तुम्ही किती बोलता, पैसे पाठवता का, तिकडे फ्लॅट किंवा मोठी एफडी आहे का. रिटायर्ड मास्तर वडील आणि गुप्तचर खात्यातला सख्खा भाऊ यात जमीनअस्मानाचा फरक आहे ना. आईबाप काही बदलता येत नाहीत, त्यामुळे तुमचं घर, बायकामुलं, करिअर, सगळं बस्तान अमेरिकेत किती घट्ट बसलंय हे दाखवणं हाच खरा बचाव.

सी म्हणजे फॉरेन प्रेफरन्स, यात नातेवाइकांचा संबंध नाही, तुम्ही स्वतः काय केलंत ते बघतात. नुसतं दुहेरी नागरिकत्व आहे म्हणून नाकारत नाहीत, हे सीड 4 मध्येच लिहिलंय. आधी परदेशी पासपोर्ट जवळ असला की अडायचं, म्हणून लोक तो सिक्युरिटी ऑफिसरकडे जमा करायचे किंवा रद्द करून घ्यायचे. आता जवळ असला तरी चालतो, पण अमेरिकेत येता-जाता अमेरिकन पासपोर्ट वापरला नाही, किंवा दुसरा असल्याचं लपवलं, तर गोत्यात.

आता आपल्या मंडळींचा मुख्य घोळ. भारत दुहेरी नागरिकत्व देतच नाही, 1955 च्या कायद्यातल्या कलम 9 प्रमाणे अमेरिकन झालात की भारतीय नागरिकत्व संपलं. ओसीआयवाल्याला मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, नावात सिटिझन असलं म्हणून काय. म्हणजे इस्रायल किंवा आयर्लंडचं नागरिकत्व ठेवलेल्या माणसाला सी ची जेवढी काळजी तेवढी तुम्हाला नाही, तुमचं सगळं लक्ष बी कडे हवं.

आणि क्लिअरन्ससाठी भरायच्या एसएफ-86 फॉर्मात सासू-सासरे पण येतात हं, ते बरेच जण विसरतात. मुद्दाम गाळलं असं वाटलं तर गाइडलाइन ई, म्हणजे पर्सनल कंडक्ट, लागते, आणि ती कधीकधी बी पेक्षा जड जाते, कारण मग प्रश्न नातेवाइकांचा राहतच नाही, तुमच्या खरेपणाचा होतो. क्लिअरन्स मिळाल्यावरही सुटका नाही, क्लिअरन्सवाल्यांनी काय काय कळवायचं ते सांगणाऱ्या सीड 3 नियमावलीप्रमाणे दिवाळीला घरी जायचं तरी आधी कळवावं लागतं.