इखारी मानमोडी

शेजारच्या आजीच्या खुराड्यात अकरा कोंबड्या होत्या, यंदाच्या उन्हाळ्यात दोनच वाचल्या. आधी हिरवट हगवण, मग लंगडणं, शेवटी मान पिळवटून गोल गोल फिरणं. अमरावतीकडच्या आमच्या या खेड्यात आजी एवढंच बोलली, "यंदाची मानमोडी लय इखारी हाय रे."

'इखारी' म्हणजे विखारी. 'विष'मधल्या ष चा जुन्या उच्चारात ख झाला, 'विख' आलं. खेड्यात विंचवाचा इंचू होतो, विहिरीची इहीर होते, तसं विखाचं इख झालं. त्याच प्राचीन मुळापासून लॅटिनमध्येही शब्द आला. तिथे दोन स्वरांमधल्या स चा र होऊन 'वीरूस' झाला. अर्थ तोच, विष. इंग्रजीतले 'व्हायरस' आणि 'व्हिरुलंट' त्यातूनच आले. मोबाइलवर फिरतं तसं लॅटिन काही संस्कृतातून निघालेली नाही. दोघी बहिणी आहेत.

मानमोडी म्हणजे राणीखेत रोग. त्याच्या विषाणूचे सौम्य वाणही असतात आणि जहालही. हा फरक कुठे दडलाय, ते कळलं तेव्हा मी थक्क झालो. विषाणूच्या अंगावर 'एफ' नावाचं प्रथिन असतं. पेशीत शिरायचं तर ते आधी एका ठरावीक जागी कापलं जावं लागतं, आणि कात्री असते कोंबडीकडे. सौम्य वाणाला कात्री म्हणून ट्रिप्सिनसारखी विकरं (एन्झाइम) लागतात. ती श्वासमार्गात आणि आतड्यात मिळतात, म्हणून संसर्ग तिथेच अडकतो. जहाल वाणात मात्र या प्रथिनाच्या साखळीतल्या 112 ते 116 या जागांवर आर्जिनिन-लायसिन या अमिनो आम्लांची दाटी असते आणि 117 वर ल्युसिनऐवजी फेनिलअॅलानिन. अशी जोडणी फ्युरिन नावाचं विकर कापतं, आणि फ्युरिन जवळपास प्रत्येक पेशीत असतं. मग विषाणूला सगळं शरीर मोकळं. मेंदूत पोचला की मान मोडते.

हा विखार मोजताही येतो. एक दिवसाच्या पिल्लांच्या मेंदूत विषाणू टोचून 0 ते 2 असा निर्देशांक काढतात, 0.7 किंवा जास्त आला तर वाण जहाल.

आजीनं खुराड्याला लिंबू-मिरची बांधली होती. नजरेनं 117 व्या जागेवरचं अमिनो आम्ल बदलत नाही, आणि लिंबानं ते परत जागेवर येत नाही. सौम्य वाणाची लस मात्र कोंबडीला तयार ठेवते.

वाचलेल्या दोघींतली एक आता खुडूक बसली आहे. पिल्लं निघाली की सातव्या दिवशी, बर्फाच्या डब्यातून आणलेल्या लासोटा या सौम्य वाणाच्या लशीचा एकेक थेंब त्यांच्या डोळ्यांत टाकायचा, असं आजीशी ठरलंय.