मुक्कामी एसटी आणि शहराचा पल्ला

यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या आडवळणाच्या गावातून पहाटे मुक्कामी एसटी निघते, तेव्हा तिच्यात कोण बसले आहे ते पाहावे. कॉलेजची मुले असतात, सातबारा आणि दाखल्यांची पिशवी सांभाळणारा कास्तकार असतो, आणि एक्स-रेचे मोठे पाकीट दुमडू नये म्हणून ते छातीशी धरून बसलेली एखादी म्हातारी असते. गावात जे मिळत नाही, त्यासाठी ही सगळी माणसे निघालेली असतात.

ते गावात का मिळत नाही, याचे एक उत्तर वाल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलज्ञाने १९३३ मध्ये मांडलेल्या मध्यवर्ती स्थान सिद्धांतात सापडते. कोणतीही सेवा टिकायला किमान काही ग्राहक लागतात; हा तिचा उंबरठा. त्या सेवेसाठी माणूस जास्तीत जास्त जितके अंतर जायला तयार असतो, तो तिचा पल्ला. किराणा दुकान पन्नास-साठ घरांवर चालते, पण हृदयरोगतज्ज्ञाला लाखोंची वस्ती लागते. सरकारी आरोग्यसेवेची रचनाही याच हिशेबाची आहे: सपाट प्रदेशात उपकेंद्र ५ हजार आणि प्राथमिक आरोग्य केंद्र ३० हजार लोकसंख्येमागे, आदिवासी व डोंगराळ भागात हेच आकडे ३ हजार आणि २० हजार.

एका गावाचे गिऱ्हाईक पुरेसे नसेल, तर विक्रेताच फिरू लागतो. आपला आठवडी बाजार म्हणजे नेमके हेच. सोमवारी एका गावी ताडपत्रीखाली लुगडी मांडणारा कापडवाला मंगळवारी दुसऱ्या गावी त्याच घड्या पुन्हा उलगडतो आणि पाच-सहा गावांची मिळून आपली गिऱ्हाइकी पुरी करतो. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते, कारण तिच्यात अंतराचा भार विकणारा उचलतो.

क्रिस्टालरने मात्र सपाट आणि सगळीकडे सारखी वाहतूक असलेली भूमी गृहीत धरली होती. वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीवर हे गणित बरेचसे जुळते; मेळघाटच्या घाटांत आणि गडचिरोलीच्या जंगलात ते मोडते. गडचिरोली जिल्ह्यातले सिरोंचा जिल्ह्याच्या ठिकाणापासून सुमारे २०० किलोमीटर दूर आहे, तर तेलंगण गोदावरी ओलांडली की लागते. पूल झाल्यावर पलीकडची बाजारपेठ आणखी जवळ आली. सरकारी कागद मात्र अजूनही गडचिरोलीच्याच वाटेने जातो.

रस्ता सुधारला की गावाचे भलेच होते, असेही नाही. स्वीडिश अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्दाल यांनी १९५७ मध्ये दाखवले की वाढते केंद्र भोवतालच्या प्रदेशाला काही देते आणि त्याच्याकडून काही ओढूनही घेते. वरूड-मोर्शीच्या संत्र्याला रस्त्यामुळे दूरचे गिऱ्हाईक मिळते, आणि त्याच रस्त्याने गावातल्या शिंप्याचे गिऱ्हाईक तयार कपडे घ्यायला तालुक्याला जाते. शिंप्याचा उंबरठा मोडला की मशीन बंद पडते. मग ज्यांना तालुक्याला जाणे जमत नाही, त्यांना गावातही शिंपी उरत नाही.

म्हणून शहराचा पल्ला किलोमीटरपेक्षा वेळेत मोजायला हवा. सोनोग्राफीसाठी पहाटेच्या गाडीने निघालेल्या गरोदर बाईचा नंबर दुपारी तीनला लागला आणि परतीची शेवटची गाडी अडीचलाच सुटलेली असली, तर तिच्यासोबत आलेल्या माणसाची दुसऱ्या दिवसाचीही मजुरी बुडते, रात्र स्टँडवर काढावी लागते, आणि पुढच्या तपासणीची तारीख केसपेपरवर नुसतीच लिहिलेली राहते.