हा दगड किती जुना? (घरी नेऊन निवांत वाचा)

फरशी बघायला आलेली माणसं पुष्कळदा रेटच्या आधी हेच विचारतात, अण्णा हा दगड किती वर्षांचा असंल, आणि दुकानात गर्दी असली की नीट सांगायला जमत नाही म्हणून हे छापून ठेवलंय.

साधा नियम असा की खालचं जुनं आणि वरचं नवं, मधी जमिनीनंच उलथापालथ केली नसली तर. स्टेनो नावाच्या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञानं हे 1669 सालीच लिहून ठेवलंय. बेळगावकडचा गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरनं पडतो तो वाळूचा दगड, थर दिसतात बघा, आणि त्या भागात त्याच दगडावर आपला काळा दगड म्हणजे लाव्हा येऊन बसलाय, म्हणजे काळा नवा. काळा दगड वरनं पावसापाण्यानं कुजून जिथं जांभा झालाय तिथं जांभा आणखी नवा.

पण यातनं आकडा मिळत नाही. आकड्यासाठी दगडातलंच घड्याळ बघायला लागतं. काळ्या दगडात पोटॅशियम असतं, त्यातला अगदी थोडा भाग आपोआप मोडत असतो आणि त्यातल्या काहीचा अर्गॉन गॅस होतो. लाव्हा पातळ असतो तोवर गॅस उडून जातो, घट्ट झाला की आतच अडकून साठत राहतो, तिथनं घड्याळ चालू. त्या मोडणाऱ्या भागातलं निम्मं मोडायला 125 कोटी वर्षं लागतात, हा वेग पक्का माहीत आहे, म्हणून लॅबमधी दोन्ही मोजलं की वय निघतं. आपला काळा दगड असा साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांचा ठरलाय, डायनासोर संपले त्याच सुमाराचा. मला तर पायरी घडवताना बघितलं तरी हे आठवतं.

वाळूच्या दगडाला हे सरळ चालत नाही. त्यातला कण आधी दुसऱ्याच कुठल्या डोंगराचा असतो, कण मोजला तर त्या डोंगराचं वय येतं. जुन्या वाड्याची तुळई नव्या घराला लावली, तर तुळईवरनं घराचं वय कसं सांगणार? घर तुळईपेक्षा नवं, एवढंच कळतं.

जीवाश्माचंही, म्हणजे दगडात राहिलेल्या हाडा-शिंपल्याचंही तसंच, तो ज्या थरात आहे त्याच्या खालच्या आणि वरच्या लाव्हाचं किंवा ज्वालामुखीच्या राखेचं वय काढतात, म्हणजे जीवाश्माचं वय त्या दोन्हीच्या मधलं, एवढं कळतं.

आता महत्त्वाचं. कोटी वर्षांच्या दगडाला कार्बन टेस्टचं सर्टिफिकेट देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. त्या टेस्टमधी मोजतात तो कार्बन-14, म्हणजे आपोआप मोडणारा कार्बन, 5,730 वर्षांत निम्मा होतो, 50 हजार वर्षांच्या पुढं मोजण्यासारखं काही उरतच नाही, आणि काळ्या दगडात तर झाडा-प्राण्यांतनं आलेला असा कार्बन कधी नव्हताच. तसंच काही फरशीवर झाडाच्या फांदीसारखी काळी नक्षी असते, ती पान नव्हे, भेगेतनं मुरलेलं मँगनीज आहे. दिसायला लै सुंदर, पण जीवाश्म म्हणून जास्त रेट देऊ नका, आमच्याकडं सुद्धा.

शेतात, विहिरीत शिंपला-हाड असलेला दगड सापडला तर घासूनपुसून आणू नका की, जागेवरच राहू द्या, शेजारी नाणं ठेवून फोटो काढा आणि गाव, किती फूट खाली, वर-खाली कसला थर होता ते लिहून आणा. जागा सुटली की वय सांगायचा धागाच तुटतो.