बॉटलनेक शोधणे (संगणक नेटवर्क)

एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाकडे निघालेला डेटा डिस्क, नेटवर्क कार्ड, केबल, स्विच, राउटर अशा टप्प्यांतून जातो. त्यांतला सर्वांत मंद टप्पा साऱ्या वाटेचा वेग ठरवतो. तो नेमका कोणता, हे मोजून वेगळे काढणे म्हणजे बॉटलनेक शोधणे. ‘बाटलीचा गळा’ हे भाषांतर कोशापुरते ठीक आहे. महापे, रबाळे, ऐरोलीच्या एमआयडीसी पट्ट्यात किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये रॅकसमोर उभा राहणारा माणूस बॉटलनेकच म्हणतो. त्याच्यापर्यंत तक्रार मात्र ‘नेट स्लो आहे’ एवढ्या तीन शब्दांतच पोहोचते.

पहिले काम डिस्क आणि नेटवर्क वेगळे करण्याचे. फाइल कॉपी करून वेग मोजला तर त्यात दोन्हीकडच्या डिस्कचा वेग मिसळतो. आयपर्फ३ हे साधन एका यंत्राच्या मेमरीतून थेट दुसऱ्याच्या मेमरीत डेटा पाठवते, त्यामुळे डिस्क हिशेबातून बाहेर पडते. मग वाट टप्प्याटप्प्याने वाढवत जायचे: एकाच स्विचवरची दोन यंत्रे, मग दोन मजल्यांवरची, मग राउटरपलीकडची. जिथे आकडा एकदम पडतो, तिथे थांबायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल आणि स्विच एकदम बदलले की दोष कोणात होता ते कधीच कळत नाही.

सरावलेल्या माणसाला नुसत्या आकड्यावरूनही बरेच कळते. कॉपीचा वेग सेकंदाला ११ मेगाबाइटच्या आसपास अडकला असेल, तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) लिंक आहे. चांगल्या गिगाबिट लिंकवर आयपर्फ३ साधारण ९४० एमबीपीएस दाखवतो. उरलेले हेडरमध्ये, म्हणजे डेटाला जोडलेल्या पत्त्या-बित्त्यात, आणि दोन फ्रेममधल्या (तारेवरून जाणाऱ्या डेटाच्या गठ्ठ्यांमधल्या) सक्तीच्या मोकळ्या जागेत जातात. गिगाबिट अडॅप्टर यूएसबी २.० पोर्टात खोचला असेल, तर पोर्टाचीच कागदावरची मर्यादा ४८० एमबीपीएस.

१०० वर अडकलेल्या लिंकमागे पुष्कळदा केबलचे टोक असते. इथरनेटच्या केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला त्यांतल्या दोनच पुरतात, म्हणजे १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या पिना. गिगाबिटला चारही लागतात. क्रिंपिंग करताना, म्हणजे टोकाला प्लग दाबून बसवताना, तपकिरी जोडीतली एक तार प्लगच्या टोकापर्यंत पोहोचली नाही, तर बरीच नेटवर्क कार्डे मुकाट्याने १०० वर उतरतात. दिवा लागतो, पिंग (समोरचे यंत्र किती वेळात उत्तर देते ते पाहणारी चाचणी) जातो, मेल उघडतो आणि महिनोन्‌महिने कोणाला संशय येत नाही. प्लग डोळ्यासमोर धरून पारदर्शक प्लास्टिकमधून आठही तांब्याची टोके मोजणे ही बिनपैशाची तपासणी आहे, आणि नवा राउटर मागवण्याआधी ती झालीच पाहिजे. पावसाळ्यात सोसायटीच्या गच्चीवरून आलेल्या केबलच्या टोकाशी हिरवट गंज दिसला तर पुढे मोजायचीही गरज नाही.

डुप्लेक्सचा बेबनाव याहून फसवा. फुल डुप्लेक्समध्ये दोन्ही बाजू एकाच वेळी पाठवतात, हाफमध्ये आळीपाळीने. स्विचचा पोर्ट कोणी हाताने १०० फुल डुप्लेक्सवर बांधला आणि समोरचे यंत्र ऑटोवर राहिले, तर ते यंत्र हाफ डुप्लेक्स धरते. थोड्या वाहतुकीला सारे सुरळीत चालते, भार वाढला की वेग कोसळतो. पोर्टच्या काउंटरमध्ये एका बाजूला सीआरसी चुका (बिघडून आलेल्या फ्रेम) आणि दुसऱ्या बाजूला लेट कोलिजन (उशिरा झालेल्या टकरी) वाढताना दिसले की निदान झालेच.

सारी उपकरणे निरोगी असूनही कोंडी होते. २४ गिगाबिट पोर्टांचा स्विच एकाच गिगाबिट अपलिंकवर (पुढच्या स्विचकडे जाणाऱ्या जोडणीवर) टांगलेला असेल, तर चोविसांची गर्दी एका दारातून जाते. ठाणे स्थानकात दोन गाड्या एकदम रिकाम्या झाल्या की पुलाचा जिना तुंबतो, दहा मिनिटांनी तोच मोकळा. स्विचच्या बफरचेही, म्हणजे पॅकेटे थोडा वेळ थांबवणाऱ्या मेमरीचेही, तसेच. ते भरले की पुढची पॅकेटे टाकून दिली जातात. पाच मिनिटांच्या सरासरीचा आलेख हे दाखवत नाही, तो २० टक्के भार दाखवून निर्धास्त करतो. अशा वेळी आलेख सोडून ड्रॉपचे काउंटर पाहावे.

राउटर आणि फायरवॉलच्या बाबतीत बिटांपेक्षा पॅकेटांची संख्या जड जाते. गिगाबिट तारेवर सर्वांत लहान, ६४ बाइटच्या फ्रेम सेकंदाला १४.८८ लाख जाऊ शकतात. १५१८ बाइटच्या जेमतेम ८१ हजार. प्रत्येक पॅकेटमागे प्रोसेसरला जवळपास तेवढेच काम पडते, म्हणून मोठ्या फाइलवर पास झालेला राउटर कॉल सेंटरमध्ये दमतो. जी.७११ या आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीच्या एका कॉलला सहसा प्रत्येक दिशेला सेकंदाला ५० पॅकेटे लागतात. २०० जण बोलत असले तर बँडविड्थ १७-१८ एमबीपीएसच, पण पॅकेटे एका दिशेला १० हजार.

अंतरावर दोष ढकलण्याआधी हिशेब करावा. फायबरमधून प्रकाशाला एक किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. महाप्यापासून ठाण्यापर्यंत फायबर २० किलोमीटर फिरून आला तरी जाऊन-येऊन ०.२ मिलिसेकंद. याच मार्गावर पिंग ३० मिलिसेकंद दाखवत असेल, तर डेटा कुठेतरी रांगेत उभा आहे किंवा भलत्याच गावाला जाऊन येतो आहे. उलट अमेरिकेतल्या सर्व्हरचा २०० मिलिसेकंदांचा फेरा खरा असतो. तिथे टीसीपीची विंडो, म्हणजे पोच मिळण्याआधी एका दमात पाठवता येणारा डेटा, ६४ किलोबाइटवर अडली तर वेग २.६ एमबीपीएसच्या पुढे जात नाही, मग लिंक कितीही मोठी घ्या. यात हार्डवेअर निर्दोष असते, तरी बदलले तेच जाते.

एक बॉटलनेक काढला की दुसरा उघडा पडतो. तपकिरी तार नीट बसवली, लिंक १००० वर आली, आयपर्फ३ ने ९४० दाखवले; आणि तरीही कॉपी सेकंदाला ६० मेगाबाइटवर थबकली, तर आता पाळी कोपऱ्यातल्या सर्व्हरमधल्या जुन्या हार्ड डिस्कची.