शिवीतला पत्ता

माझी भाची पुण्याला शिकायला गेली. पहिल्याच आठवड्यात मेसमधून परत येऊन खोलीत म्हणाली, ‘मी जेवून आलो.’ एकच हशा पिकला. तिची आई, आजी, शेजारच्या काकू, सगळ्या ‘मी आलो, मी गेलो’च म्हणतात. कोल्हापुरात बायकांचं बोलणं असंच असतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वसतिगृहात मात्र त्या दिवसापासून तिचं नाव पडलं, ‘गावठी’.

एखाद्याला वळण नाही हे सांगायला मराठीत शब्दांची वानवा नाही. गावंढळ, खेडवळ, रानटी, ग्राम्य, घाटी, असभ्य. पण जरा कान देऊन ऐका. यातला माणूस वागला कसा हे फार थोडे शब्द सांगतात. तो राहतो कुठं, तेवढं मात्र बहुतेक सगळे सांगतात.

ही खोड जुनी आहे. ‘सभ्य’ म्हणजे सभेत बसायच्या लायकीचा; ज्याला सभेत जागाच नाही तो आपोआप असभ्य. ‘नागर’ नगरातला, ‘ग्राम्य’ गावातला. ‘शिष्ट’ तरी वागण्यावरून ठरत असेल असं वाटतं. व्याकरणकार पतंजलीनं महाभाष्यात शिष्टांची व्याख्या केली आहे. घडाभर धान्यापेक्षा जास्त साठा न करणारे, निर्लोभी, विद्यासंपन्न, इथवर ठीक. पण ते ब्राह्मण हवेत आणि आर्यावर्तात राहणारे हवेत. म्हणजे तिथंही पत्ता आलाच.

काव्यशास्त्रवाल्यांनी तर ग्राम्यत्व हा रीतसर दोष ठरवला. वामनानं सांगितलं, जो शब्द फक्त लोकांच्या बोलण्यात आहे तो ग्राम्य. अकराव्या शतकातल्या मम्मटानं काव्यप्रकाशात त्याचं उदाहरण दिलं, तेही कुठलं? ‘कटि’. कंबर म्हणायला कवीनं ‘कटि’ वापरला, म्हणून मम्मटानं नाक मुरडलं. आज मराठीत ‘कटी’ म्हटलं की सोवळ्यात गुंडाळलेला शब्द वाटतो. पंढरीच्या विठोबाचे हात कटीवर असतात, आपले आपल्या कंबरेवर. शब्द तोच, फक्त गाव बदललं.

मराठीनं यात जातीची भर घातली. ‘कुणबाऊ’ म्हणजे कुणब्याला शोभेलसं, आणि ते ठसक्यात उच्चारलं की शिवी. पिकवणाऱ्याच्या नावावरून अडाणीपणाचं नाव पाडायचं आणि त्यानं पिकवलेलं जेवायचं, यातली सभ्यता मला अजून उमगलेली नाही. त्या मानानं फारसी-अरबीतून आलेले शब्द सरळ. बेअदब, मग्रूर, वाह्यात. कोण कसं वागलं यावरून पडलेली ही नावं. गावाशी त्यांना देणंघेणं नाही.

‘रांगडा’ची कथा वेगळी. माळव्यातल्या राजपुतांच्या बोलीला ‘रांगडी’ म्हणतात. ब्रिटिश काळातल्या ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात ती माळवीचा एक प्रकार म्हणून नोंदलेली आहे. अठराव्या शतकात मराठी फौजा माळव्यात गेल्या, शिंदे, होळकर, पवार तिकडंच स्थिरावले. रांगड्याचं नातं तिथलं. मराठीत तो आडदांड, खडबडीत, शिष्टाचार न जाणणारा असा होऊन बसला. आणि कोल्हापूरनं तोच शब्द उचलून छातीवर बिल्ल्यासारखा लावला.

त्यात तालमींचा वाटा मोठा. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. युरोपच्या दौऱ्यात रोमचा जुना आखाडा पाहून आल्यावर खासबाग मैदान उभं केलं, ते १९१२ मध्ये पुरं झालं. पेठापेठांतून तालमी होत्याच. बाहेरच्यांना त्यातले दंड, मांड्या आणि आरडाओरडा दिसला आणि ते ‘रांगडे’ म्हणून मोकळे झाले. तालमीच्या आत जाऊन पाहा. चपला उंबऱ्याबाहेर. कुस्तीच्या हौद्यात उतरण्याआधी माती कपाळाला. वस्ताद उभे असले तर कोण बसत नाही. ज्याला आता चीतपट करायचं त्याच्याशी आधी हात मिळवायचा. एवढी रीतभात मी मोठमोठ्या लग्नाच्या हॉलात पाहिलेली नाही.

‘घाटी’ला मात्र हे भाग्य लाभलं नाही. घाटावरून उतरून मुंबईच्या गिरण्यांत राबायला गेलेला सातारकडचा, कोल्हापूरकडचा माणूस घाटी झाला. गिरण्या गेल्या, शब्द राहिला.

आणि ‘गावठी’? लक्ष्मीपुरीच्या बाजारात एका टोपलीत साधी अंडी, शेजारच्या टोपलीत गावठी. महाग कुठली, ते सांगायला नको. बाई दोन्ही टोपल्यांवर हात ठेवून बसलेली असते आणि गाडीतून उतरणारी शहरी मंडळी विचारतात, ‘नक्की गावठीच ना?’

मग खरोखरच्या बेशिस्त माणसाला कोल्हापुरात काय म्हणतात? ‘आगाव’. लई आगाव हाय त्यो. मूळचा आगाऊ, म्हणजे वेळेआधी, न विचारता पुढं जाणारा. रांगेत घुसला, मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घातलं, जेवणाच्या पंगतीत बाकीच्यांना वाढायच्या आधीच हाणायला सुरुवात केली, की आगाव. तो शिवाजी पेठेतला असो नाहीतर लंडनचा. दुसरं म्हणजे ‘वळण न्हाई’. पाटीवर अक्षर गिरवतानाही वळणच म्हणतात. अक्षर आणि पोर दोन्ही हात धरून वळवावी लागतात, हे बोलीला बरोबर ठाऊक.

भाचीला आता तीन वर्षं झाली. पुण्यात फोनवर ‘आले, जेवले’ असं चोख बोलते. परवा दिवाळीला येताना एसटीतून फोन केला. ‘कुठवर पोचलीस गं?’ म्हटलं.

‘किणीचा टोलनाका गेला की मामा. आलोच.’